थांब, मोजतेय!

गोव्यात क्रोशाने ब्लँकेट विणायला बसलेल्या बाईकडे लोक जरा काळजीनेच बघतात. इथे पंखा बारा महिने फिरतो. थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पहाटे चादर गळ्यापर्यंत ओढावीशी वाटते, तेवढीच. तेव्हा कुणी किलोभर लोकर घेऊन भर पावसाळ्यात ब्लँकेट विणायला बसलं, की "कोणासाठी गो?" हा प्रश्न येणारच. आमच्याकडे त्याची ठरलेली उत्तरं आहेत. कोकण रेल्वेचा एसी डबा. इस्पितळातला एसी. पुण्याची नात. आणि कोणी फारच खोलात शिरलं, तर "आज्या वाकळी शिवत होत्या तेव्हा त्यांना विचारलं होतंत?"

आम्ही सात-आठ जणी गुरुवारी दुपारी फोंड्यात एकीच्या सोप्यावर जमतो. जेवणं आटोपून घरचे पुरुष आडवे झाले की निघायचं आणि संध्याकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की उठायचं, असा हिशेब. एक बँकेतून निवृत्त झालेली आहे, एक अंगणवाडीची बाई आहे, सासू-सुनेची एक जोडी आहे (त्या शेजारी बसत नाहीत), एक कॉलेजातली मुलगी आहे. पंच्याऐंशीच्या घरातल्या माई आहेत, त्यांची सुई आम्हा सगळ्यांहून वेगात चालते. सूत्रं ड्रॉइंगच्या बाईंकडे. शाळेतून त्या निवृत्त झाल्या, वर्ग काही सुटलेला नाही.

विणायचं असतं ते चित्र. चौकटीच्या कागदावर आखलेलं. एक चौकट म्हणजे एक मुका खांब, क्रोशाचा एक बुटका टाका. चौकट लाल असेल तर लाल लोकर, पांढरी असेल तर पांढरी. कागद खालून वर वाचायचा. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, मग काम उलटवून दुसरी डावीकडून उजवीकडे. जोताचा बैल शेताच्या कडेला वळतो तशी सुई वळत राहते. खरी मेख रंग बदलण्यात आहे. पांढरा खांब पांढऱ्यानेच सुरू करायचा असं कुणालाही वाटेल, पण बदल त्याच्या आधीच्या लाल खांबात करावा लागतो. लाल खांब जवळजवळ होत आला, सुईवर दोन फास उरले, की लाल सोडून पांढरी लोकर सुईवर घ्यायची आणि त्या दोन फासांतून ओढून काढायची. मग पुढच्या खांबाचा माथा पांढरा येतो आणि दोन रंगांमधली रेघ स्वच्छ पडते. नाहीतर कडेला दात दिसतात. सोडलेला रंग तोडायचा नाही, पुढच्या खांबांच्या पोटातून तसाच न्यायचा. फार ओढला तर कापड आक्रसतं, सैल सोडला तर पांढऱ्यातून लाल डोकावतं. दोन रंगांना हे ठीक. चार-पाच रंग असले की प्रत्येकाची छोटी गुंडाळी करून मागे लोंबती ठेवावी लागते आणि ओळ उलटवली की त्या सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडतात. म्हणून पहिलं ब्लँकेट दोन रंगांचं, हा बाईंचा निर्णय. कुणी हरकत घेतली नाही.

लोकरीची चर्चा मात्र दोन गुरुवार चालली. सुती दोरा अंगाला चांगला, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात हात दमट, सुई दमट, दोरा सरकत नाही. शिवाय लाल सुती दोऱ्याचा भरवसा कोण देणार? पांढऱ्याच्या मांडीला मांडी लावून तो पहिल्या धुण्यात काय करील ते सांगता येत नाही. लुधियानाची ॲक्रिलिक लोकर घ्यायची ठरली, कारण ती वाळते तरी. सगळ्यांची एकदम मागवली आणि वेष्टनावरचे लॉट नंबर जुळवून घेतले. एकाच लाल रंगाच्या दोन लॉटमध्ये फरक असतो. हातात गुंड्या धरल्या तर कळत नाही, कापडात आला की पलीकडच्या खोलीतून दिसतो.

चौकटी बघून विणणं आम्हाला तसं नवं नव्हतं. आमच्या आयांनी दारावर लावलेली 'सुस्वागतम्'ची तोरणं याच रीतीची. खांब, दोन साखळ्या, खांब, म्हणजे एक रिकामी चौकट. साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की ती भरली. भरलेल्या चौकटींतून अक्षरं उठायची. माईंना हे शिकवलं शेजारच्या ख्रिस्ती बाईने; ती चर्चमधल्या अल्तारवरच्या (वेदीवरच्या) पांढऱ्या कापडांची किनार विणत असे, तिच्या पायरीवर बसून या शिकल्या. तिच्याकडे छापील नमुन्यांचा जीर्ण कागद होता, असं माई सांगतात. असे चौकटींचे भरतकामाचे नमुने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये छापले जात, त्यांतल्या चौकटी हाताने रंगवलेल्या असत आणि तिथून ते युरोपभर गेले. पायरीवरचा तो कागद कुठून आला असेल, देव जाणे.

तर बाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की चित्र कशाचं ते सांगणार नाही. रुंदी १६० चौकटी, उंची २०० ओळी. दर गुरुवारी दहा ओळींचा कागद मिळणार. सुनेने मोबाईलवर गुणाकार करून "बत्तीस हजार खांब!" म्हटलं तेव्हा क्षणभर कुणीच सुई हलवली नाही. उंची जास्त का, हा प्रश्न बँकेने विचारला. कारण असं की मुका खांब अंगाने बुटका. इंचाला आडवे चार बसले तर उभ्या ओळी पाचच्या आसपास बसतात. कागदावर चौरस दिसणारं चित्र विणल्यावर आडवं फाकतं आणि देवळाचा कळस विणला तर त्याचा घुमट होतो. म्हणून बाईंनी कागदावर चित्र मुद्दाम उंचाडं काढलेलं. विणलं की ते बरोब्बर चाळीस इंची चौरस होणार होतं. निदान कागदावर तरी.

पहिले दोन-तीन गुरुवार किनारीत गेले. मग पांढऱ्यात दोन लाल काठ्या उभ्या राहिल्या. बँकेच्या मते ती नारळाची झाडं. सासूबाईंनी दीपस्तंभ ओळखला, मंगेशीचा. "मंगेशीला एकच आहे, इथे दोन आहेत," हे सून खाली बघूनच म्हणाली. कॉलेजातली मुलगी म्हणाली, कोंबडीचे पाय. तिला सगळ्या हसल्या. चित्र पायाकडून वर उगवताना बघणं ही मोठी मजेची गोष्ट आहे. एरवी आपण कुठलंही चित्र तोंडावरून ओळखतो. इथे तोंड शेवटी. श्रावणात काठ्यांवर पोट बसलं, मग एका बाजूला ठिपक्याठिपक्यांचं काहीतरी पसरायला लागलं. चवथीची सुट्टी संपवून परत आलो आणि पहिल्या दोन ओळींतच सगळ्या ओरडल्या. मोर!

बाईंनी तो कावी चित्रांवरून घेतला होता. गोव्याच्या जुन्या देवळांत, मोरजीच्या मोरजाईच्या देवळात उदाहरणार्थ, भिंतींवर ही तांबडी-पांढरी चित्रं आहेत. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्याचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडायचा. जिथे खरवडलं तिथे खालचा पांढरा उघडा पडतो, उरलेलं तांबडं ते चित्र. दोनच रंग, आणि एकदा हात चालवला की खोडाखोडीची सोय नाही. आमचं काम त्यापेक्षा सुखाचं. उसवता येतं.

बायका जमल्या की गप्पा होतात असा एक समज आहे. आमच्या सोप्यावर पहिला तासभर कुणी तोंड उघडलं तर बाकीच्या तिच्याकडे रोखून बघतात. कारण सगळ्या मोजत असतात. सात लाल, तीन पांढरे, सात लाल, एक पांढरा. या कामातलं मला सगळ्यात आवडलेलं काही असेल तर ते हे मोजणं. विणकाम नंतर.

त्याचं कारण घरात आहे. पुस्तक वाचत बसलेल्या बाईला हाक मारताना कुणाला संकोच होत नाही. पोथी वाचत असली तरी दारावर कोण आलंय ते बघायला तीच उठते. झोपली असेल तर "झोपलीस का?" असं तिलाच उठवून विचारतात. पण ओठांत "एकशे सदतीस, एकशे अडतीस" चाललेलं दिसलं की नवरासुद्धा उंबऱ्यावर थबकतो. आकडा चुकला तर काय होतं, हे त्याला कळतं. बाईची शांतता मोडली तर काय होतं, हे इतकी वर्षं कळलं नव्हतं. "थांब, मोजतेय" या दोन शब्दांना आमच्या घरात जो मान आहे तो "थांब, दमलेय"ला कधी मिळाला नाही. चहा पाच मिनिटांनी झाला तरी चालतो, किल्ली स्वतःच शोधली जाते, गॅसवरचं दूध पुरुष माणूस उतरवतो. आमच्यातली सून तर ओळ संपली तरी मोजत राहते. एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर, आणि हात नुसते मांडीवर. सासूबाईंना हे पक्कं ठाऊक आहे, कारण त्याही तेच करतात. त्या घरात कधीकधी दोन खोल्यांत दोघी मोजत असतात आणि स्वयंपाकघरात कुणीच नसतं.

मोजण्याच्या भाषा वेगळ्या. बँक मराठीत मोजते आणि एकोणऐंशी-एकोणनव्वदपाशी दर वेळी अडखळते. तिजोरीतल्या नोटा मोजताना हिचं काय होत असेल, असं सून हळूच म्हणते. अंगणवाडी कोंकणीत. मुलगी इंग्रजीत. माई मात्र "उं, दोयश, त्रेश, क्वात्रु" असं पुटपुटतात. त्यांनी पोर्तुगीज काळात प्रिमेर ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शिक्षणाची पहिली पायरी, केलं. १९६१ नंतर पोर्तुगीज बोलायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नाही आणि आता वाक्य बनवा म्हटलं तर त्या हात झटकतात. आकडे तेवढे राहिलेत. पायरीवर खांब मोजायला त्याच भाषेत शिकल्या, बोटांना त्याच भाषेची सवय. एकदा वीज गेली, बाहेर धो धो पाऊस, सोप्यावर अंधारून आलं, तर कागद न बघता त्या तशाच पुढे. बाकीच्या आपापल्या भाषेत हरवलेल्या.

मुलगी डावखुरी आहे. डावखुऱ्याची पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे तिने कागदही डावीकडून वाचायला हवा. बाईंनी सर्वांना एकच सूचना दिली, उजवीकडून वाचा. तिने आज्ञाधारकपणे तसंच केलं आणि तिचा मोर उलट्या दिशेला बघतोय. अक्षरं असती तर अवघड होतं, 'सुस्वागतम्' आरशात बघून वाचावं लागलं असतं. मोराला काय फरक पडतो? उलट तिचा आणि माझा शेजारी धरले तर देवळाच्या दारावरच्या जोडीसारखे समोरासमोर येतात. सगळ्यांना आता डावखुरा मोर हवा आहे.

सुई एका नंबरची, लोकर एका लॉटची, कागद एकच, पण शेवटी ब्लँकेटं एकावर एक ठेवली तेव्हा बाईंचे चाळीस इंच एकीचेही आले नाहीत. माईंचं सर्वांत लहान, इतकं घट्ट की टेबलावर उभं राहील. सुनेचं पायाकडे अरुंद आणि वर रुंद. तिच्या म्हणण्याप्रमाणे रुंद झालं त्या महिन्यात सासूबाई मुलीकडे बेळगावला होत्या. अंगणवाडीच्या मोराची मान इतकी लांबली की तिच्या नातवाने त्याला बगळा ठरवलं. हे उसवून सुधारावं का, यावर तिने आमचं मत विचारलं. आम्ही एकमुखाने नको म्हटलं. अर्थात आमच्यापैकी कुणाला ते उसवायचं नव्हतं.

मध्ये कोणीतरी मोबाईलवर वाचून दाखवलं की चेन्नईत ३१ जानेवारी २०१६ रोजी बायकांच्या एका मोठ्या गटाने जगातलं सर्वांत मोठं क्रोशाचं ब्लँकेट अंथरलं. ११,१४८.५ चौरस मीटर. बँकेने लगेच हिशेब केला, पावणेतीन एकर. ती गिनेस बुकातली नोंद आहे. आम्ही थोडा वेळ गप्प झालो, मग माईंनी विचारलं, "आणि धुतलं कुठे?"

आता दुसऱ्या ब्लँकेटची बोलणी आहेत. सासूबाईंना दूधसागर हवा. बाई म्हणाल्या, पांढऱ्याच्या पाच छटा लागतील आणि त्या तुम्हाला रात्री ओळखू येणार नाहीत. अंगणवाडीला मांडवीवरचा पूल, मुलीला मांजर. बाईंनी सर्वांचं ऐकून घेतलं आणि पिशवीतून पहिल्या दहा ओळींचा कागद काढला. कडेपासून कडेपर्यंत सगळा निळा. समुद्र असणार, असं बँक म्हणते. माई म्हणतात आभाळ, त्यांना उलटं काढलेलं चालेल. सून एकदम खूश आहे: दहा ओळी एकच रंग, म्हणजे मोजायला काही नाही, आणि हे घरी कुणाला सांगायचं नाही असं तिने आम्हा सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय. मी तेवढी निळ्याची चौकशी करते आहे. एका लॉटच्या इतक्या गुंड्या मिळणं कठीण, पण बेळगावचा दुकानदार सोमवारी सांगतो म्हणालाय.