तुम्ही विचारलंत म्हणून: फिडोनेटच्या टपालाला कुलूप कशाला?

फिडोनेटवर, म्हणजे हौशी लोकांच्या संगणक-बोर्डांच्या टपाल-जाळ्यावर, माझा नोड (माझं केंद्र) आहे म्हटलं की संगणकातली माणसं हटकून विचारतात, चार हौशी लोकांच्या गप्पांना एन्क्रिप्शन कशाला हवं?

फिडोनेट १९८४ साली टॉम जेनिंग्जने सुरू केलं. तेव्हा एक बोर्ड दुसऱ्याला रात्री मोडेमवरून फोन लावायचा आणि टपाल पोचवायचा. आज हेच काम इंटरनेटवर बिंकपी प्रोटोकॉल करतो, पोर्ट २४५५४ वरून. लॉगिनचा पासवर्ड त्यात झाकून पाठवता येतो, मूळ प्रोटोकॉलात मागून येणारं टपाल मात्र उघडंच. एकदा मी टीसीपीडंप (नेटवर्कवरून जाणारा मजकूर दाखवणारा प्रोग्राम) लावून माझंच टपाल पाहिलं. हबच्या, म्हणजे माझं टपाल पुढे पोचवणाऱ्या केंद्राच्या, एरियाफिक्सला (चर्चा-विभाग सुरू-बंद करून देणाऱ्या प्रोग्रामला) पाठवलेली विनंती समोर आली. तिचा पासवर्ड पत्राच्या विषयाच्या ओळीत लिहायचा असतो, आणि तो अक्षर न् अक्षर वाचता येत होता! माझ्या नावावर कुणीही इको (चर्चा-विभाग) बंद-चालू करू शकला असता. त्याच रात्री ठरवलं, टीएलएस (वाटेवरचं टपाल कूटबद्ध करणारी पद्धत) लावायचंच.

बिंकपी चालवणाऱ्या माझ्या बिंकडी प्रोग्रामला टीएलएस येत नाही, म्हणून त्याच्या पुढे स्टनेल हा टीएलएस सांभाळणारा प्रोग्राम बसवला. तो २४५५३ वर टीएलएस घेतो, उलगडतो आणि आत २४५५४ ला देतो. बिंकडीला याची काही खबर नसते. फक्त लॉगमध्ये या वाटेने आलेला प्रत्येकजण १२७.०.०.१ वरून, म्हणजे माझ्याच संगणकावरून, आलेला दिसतो. बाहेर जाताना बिंकडीच्या सेटिंगमधल्या नोडच्या ओळीत पाइप देऊन ओपनएसएसएलचा एस-क्लायंट (टीएलएसने जोडणी करणारा प्रोग्राम) चालवतो. इथे मी चुकलो. सर्टिफिकेट (पलीकडच्याची ओळख पटवणारा दाखला) खोटं निघालं तरी एस-क्लायंट नुसती तक्रार छापतो आणि पुढे जातो. कित्येक महिने कुलूप होतं, पण पलीकडे कोण आहे हे तपासलंच जात नव्हतं. व्हेरिफाय-रिटर्न-एरर आणि व्हेरिफाय-होस्टनेम, हे दोन्ही पर्याय आठवणीने लिहा.

एवढं करून पत्र खाजगी झालं का? नाही. टपालाची थैली सीलबंद झाली, पत्र नाही. हबवर थैली उघडते आणि तिथला सिसॉप (केंद्र चालवणारा) पत्र वाचू शकतो. १९८९च्या पॉलिसी ४ ने, म्हणजे फिडोनेटच्या नियमावलीने, त्याला तो हक्कच दिला आहे. वाटेतल्या सगळ्यांची परवानगी नसेल तर कूटबद्ध पत्र त्यांच्यामार्फत पाठवायलाही मनाई आहे. म्हणून घरचं काही मी नेटमेलमध्ये (फिडोनेटच्या खाजगी पत्रांत) लिहीत नाही.

एरियाफिक्सचा पासवर्ड मात्र बदलला. आधी हबच्या सिसॉपना २४५५३ उघडायची विनंती केली, त्यांनी ते उघडल्यावरच नवा पासवर्ड पाठवला.