बंदर झाडण्याची सजा

हर्णैच्या बंदरावरून नायलॉनचं जाळं चोरलेल्या एका तरुण खलाशाचं वकीलपत्र माझ्याकडे होतं. विकायला गेला तिथेच सापडला. जाळं मालकाला परत मिळालं. पंचनाम्यात किंमत लागली साडेचार हजार, आणि सगळी केस त्या आकड्यावर फिरली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ सांगतं की चोरी पाच हजारांच्या आतली, आरोपी पहिल्यांदाच दोषी आणि माल परत, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. एरवी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पोराने गुन्हा कबूल केला.

जाळ्याचे मालक जुने तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "वकीलसाहेब, हा झाडू मारून सुटणार? त्यापेक्षा माझी फाटलेली जाळी सांधून देऊ दे की!" मला पटलं, मी कोर्टापुढे मांडलंही. पण काम समाजाच्या उपयोगाचं हवं, एकट्या फिर्यादीच्या नव्हे. ज्याचं नुकसान झालं, तोच असा बाजूला राहिला.

दंड झाला असता तर तो आईने मासळी विकून भरला असता. अशा दंडाचा धाक नक्की कुणाला बसतो, देव जाणे. कैद झाली असती तर १ ऑगस्टला मासेमारीवरची पावसाळी बंदी उठल्यावर त्याला बोटीवर कुणी घेतलं नसतं, आणि आतल्या ओळखी झाल्या असत्या त्या वेगळ्याच.

हुकूम झाला तो बंदराच्या सफाईचा, हजेरी ग्रामपंचायतीत. काम कोणतं आणि किती दिवस, हे संहिता सांगतच नाही. ते न्यायाधीशांनीच ठरवायचं.

मी मुद्दाम संध्याकाळी लिलावाच्या वेळी गेलो. अख्खा गाव किनाऱ्यावर, आईही तिथेच टोपली घेऊन बसलेली. पोरगा मान वर करेना. "साहेब, महिनाभर आत टाकलं असतं तरी परवडलं असतं," म्हणाला. सुधारणेसाठी आणलेल्या शिक्षेत खरं काम चारचौघांतली लाजच करत होती. मुंबईत, जिथे शेजारीही ओळखत नाही, तिथे हीच शिक्षा कितपत लागू पडेल याची मला शंकाच आहे.

तेवढ्यात तांडेल आले. कमरेवर हात ठेवून बघत राहिले. मग ओरडले, "त्या होडीमागे कोण झाडणार रे? आणि हे उरकलं की घरी ये, जाळी सांधायचीत. फुकट नको, मजुरी देईन."

पोराने माझ्याकडे पाहिलं. कायद्याची याला हरकत नाही, एवढं मी सांगितलं.