आधीच केलेली टिक

आज दुसऱ्या ऑपरेशनला टाइम आउट (चिरा देण्याआधी सगळ्यांनी थांबून सुरक्षेची यादी तपासायची ती वेळ) सुरू व्हायच्या आधीच मी यादीच्या फॉर्मवर अँटिबायोटिकपुढे टिक करून ठेवली होती. वाचताना त्या मुद्द्याशी आले, पुढेही सरकले, तेवढ्यात नवी विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सिस्टर, ते इंजेक्शन अजून ट्रेमध्येच आहे ना?"

होतं. भरलेली सिरिंज, तशीच. भूलतज्ज्ञ मॅडमनी दिलं, सर थांबले, केस नीट पार पडली. विषय संपला.

माझा संपत नाहीये.

चुकीचं एवढं नाही. टिक करताना हात जराही अडखळला नाही, त्याचं वाटतंय. खोटं लिहिताना निदान हात तरी थबकायला हवा ना?

आणि सगळं माझ्याच डोक्यावर का? मी मोठ्यांदा वाचते तेव्हा ऐकतं कोण? एकजण लाइट फिरवतोय, एकाचा फोन, सरांचा हात ब्लेडसाठी पुढे आलेला. "हो हो सिस्टर, चला." परवा डावी की उजवी बाजू, त्यावरून जे झालं ते तर... जाऊ दे.

ट्रेनिंगमधले आकडे अजून पाठ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची ही 19 मुद्द्यांची यादी, आठ शहरांतली आठ रुग्णालयं, यादी वापरल्यावर मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर. मग 2014 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या 101 रुग्णालयांचा अभ्यास आला: 0.71 वरून 0.65, म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. यादी भरल्याचं मात्र जवळजवळ सगळ्यांनी कळवलेलं! तेव्हा हसले होते मी त्यांना. त्यातही कुणीतरी माझ्यासारखीच असणार, पेन हातात घेऊन पुढचं पुढचं भरत बसलेली. हात तिचाही अडखळला नसेल.

गंमत अशी, की टाइम आउटला प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं असतं, आणि ही मुलगी गप्प उभी होती म्हणून मीच तिला दटावून बोलतं केलं होतं. तोंड उघडलं तिचं, ते माझ्यावरच. भोगा आता.

तिसऱ्या केसला पेनाचं टोपण काढलंच नाही. आधी उत्तर, मग टिक. सर म्हणाले, "आज काय परीक्षा आहे का?" मी म्हटलं, "हो." सगळ्यांची नावं झाली, मी पुढच्या मुद्द्याकडे वळले.

"सिस्टर, तुमचं राहिलं," ती म्हणाली.