सहाव्या हिश्शातली नऊवारी: काष्टा बसला, पदर अजून हवेत

मंडळी, बार्बीच्या नऊवारीचा काष्टा बसला! मागच्या अपडेटमध्ये बाहुली पाय फाकवून उभी होती आणि स्टॅण्डशिवाय दोन सेकंदही टिकत नव्हती. आता ती स्वतःच्या पायांवर उभी राहते, खुर्चीत बसते, एक गुडघा वर घेऊन मांडीही जवळजवळ घालते. पदराने मात्र नवं भांडण काढलंय. त्याच्याकडे नंतर येऊ, आधी काष्टा, कारण इनबॉक्समध्ये सगळ्यांचा तोच प्रश्न आहे: पाय न फाकवता तो बसवला कसा?

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की बॉडी बार्बीच्या मेड टू मूव्ह मालिकेची, २२ सांध्यांची, ओरिजिनल म्हणजे नेहमीच्या सडपातळ बांध्याची. डोकं जुन्या प्लेलाइन (मुलांच्या खेळण्यातल्या) बाहुलीचं, रीबॉडी केलेलं, म्हणजे या बॉडीवर बसवलेलं. नियम एकच: साडी सलग एका कापडाची हवी, नेसवता आणि सोडता आली पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या शिवलेल्या नऊवारीची छोटी आवृत्ती करायची असती तर हा चर्चेचा धागा कधीच बंद झाला असता.

हिशेब पुन्हा मांडतो. खरी नऊवारी ८.२३ मीटर, पन्हा साधारण ११४ सेंटीमीटर. बाहुली माणसाच्या सहाव्या हिश्शाची, म्हणजे १:६ मापाची, म्हणून सहाने भागलं की १३७ बाय १९. बाहुलीची उंची २९ सेंटीमीटर, म्हणजे माणसाच्या मापात पावणेसहा फुटांच्या थोडी खाली. कंबर जेमतेम ९ सेंटीमीटर, म्हणजे ५४. एवढ्याशा कंबरेभोवती १३७ सेंटीमीटर कापड गुंडाळलं की पोटावर उशी बांधल्यासारखं दिसणारच. कापडाची लांबी सहापट कमी झाली, जाडी नाही झाली.

पण जाडी हे अर्धंच दुखणं. खरी अडचण झुळझुळीची आहे. कापड स्वतःच्या वजनाने किती वाकतं हे मोजायची पद्धत पियर्स या कापड-संशोधकाने १९३० मध्ये मांडली, ती आजही कापड-प्रयोगशाळांत वापरतात. कडकपणाला वजनाने भागायचं आणि त्याचं घनमूळ काढायचं, ती बेंडिंग लेंग्थ. सहाव्या हिश्शात साडी खऱ्यासारखी पडायची तर ही लांबी एक षष्ठांश हवी. घनमूळ असल्यामुळे कडकपणा आणि वजनाचं गुणोत्तर थेट २१६ पटींनी उतरायला हवं. असं कापड कोणीच विणत नाही. म्हणून १:६ मधला प्रत्येक घोळदार कपडा थोडी फसवाफसवी असतो, आणि ती कुठे करायची एवढंच आपल्या हातात.

घरी चाचणी सोपी आहे. पुठ्ठ्याचा ४१.५ अंशांचा उतार कापायचा, टेबलाच्या कडेला लावायचा. कापडाची अडीच सेंटीमीटर रुंद पट्टी कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची आणि टोक उताराला टेकलं की थांबायचं. बाहेर आलेल्या लांबीच्या निम्मी ती बेंडिंग लेंग्थ. उभ्या आणि आडव्या धाग्यांसाठी वेगवेगळ्या पट्ट्या घ्या, आकडे सारखे येत नाहीत. आमचा ढोबळ निकष असा, की पट्टी ३ सेंटीमीटरच्या आत टेकली तर कापड ठेवायचं, नाहीतर त्याचा ब्लाऊज. ऑर्गेन्झा आणि टिश्यू इथेच बाद होतात, दुकानात कितीही मोहक दिसोत. सिल्क शिफॉन पास होतं, पण त्याचा धागा पिळाचा असतो. निऱ्या घडीत राहत नाहीत आणि काठ लावला की चुण्या येतात. शेवटी १०० काउंटची (खूप बारीक सुताची) मलमल जिंकली. मात्र दुकानातून आणल्या आणल्या चाचणी घेऊ नका, तिच्यात खळ असते. गरम पाण्यात साबणाने दोनदा धुवा, शेवटच्या पाण्यात थोडं फॅब्रिक कंडिशनर घाला आणि मग मोजा. वेगळंच कापड हातात आल्यासारखं वाटतं.

आता काष्टा. डावीकडची मोकळी बाजू निऱ्या करून दोन पायांमधून मागे न्यायची आणि काठ वर येईल अशी खोचायची. खऱ्या बाईच्या बाबतीत मांड्या दबतात, कापडाला वाट देतात. बाहुलीच्या मांड्या कडक प्लॅस्टिकच्या. २४ सेंटीमीटर कापडाच्या दोन-दोन सेंटीमीटरच्या सहा निऱ्या म्हणजे बारा थर. दाबून मोजले तर ते दीड मिलिमीटरही भरत नाहीत. पण घडी उघडू पाहते, स्प्रिंगसारखी ढकलते, आणि सगळा जोर नेमका खुब्याच्या सांध्यावर येतो. पाय बाहेर वळतात आणि बाहुली पुढे तोंडावर. सांधा घट्ट करून फरक पडत नाही, ताण फक्त गुडघ्यात सरकतो.

या चर्चेत तुम्ही सुचवलेले उपाय एकेक करून पाहिले. निऱ्या इस्त्रीने चापून बसवल्या, तर उभी असेपर्यंत ठीक, बसवली की उघडल्या. मधला भाग पाचरीसारखा कापला, तर पाय जुळले, पण ती साडी उरली नाही, कापडाचा साचा झाला. मधे बारीक धावदोरा घालून चुण्या ओढल्या, तर गोळा झाला. तो निऱ्यांपेक्षा वाईट.

चाललं ते तारकशीच्या, म्हणजे कापडातले धागे ओढून काढायच्या कामाच्या अंगाने. साडीत लांबीला जातो तो ताणा, पन्ह्याला जातो तो बाणा. काष्टा मागे ओढला की सगळी ओढ बाण्यावर येते, मधल्या पट्ट्यातला ताणा तिथे फक्त जागा अडवतो. मग काढून टाका तो. काष्ट्याची बाजू आधी २४ वरून १६ सेंटीमीटरवर आणली, म्हणजे चार निऱ्या, मागून दिसायला तेवढ्या पुरतात. मग पन्ह्याच्या मध्यावर ५ सेंटीमीटरचा पट्टा आखला आणि त्या १६ सेंटीमीटरपुरते दर तीन ताण्यांपैकी दोन ओढून काढले. पट्टा जिथे संपतो तिथे आधी एका पदरी रेशमाने बारीक टीप घाला, मगच ताणे कापा. उलट क्रमाने केलं तर धागे पुढच्या अंगात सरकतात आणि साडीला तिरकी सुरकुती कायमची पडते. ओढताना कापड किंचित ओलं असावं. सुई २६ नंबरची बोथट, धागा उचलून अर्ध्या-अर्ध्या टप्प्यात काढायचा. एका दमात ओढलात तर तुटतो आणि तुटलेलं टोक शोधण्यात संध्याकाळ जाते.

उरलेला पट्टा जाळीसारखा मऊ होतो. मुठीत धरला तर धाग्यांची लड वाटते, घडी करायचं त्याला जमतच नाही, म्हणून ढकलतही नाही. पायांमधून जाताना चपटा होतो, मागे काठाजवळ पूर्ण विणीचं कापड सुरू झालं की निऱ्या आपोआप पंख्यासारख्या उलगडतात. आणि कापड सलग आहे! सोडून टेबलावर पसरलं तर फक्त एक विरळ पट्टा दिसतो. पुढच्या निऱ्यांच्या आतलं न दिसणारं कापडही कमी केलं, एकूण लांबी आता ११२ सेंटीमीटर. शुद्धतावाद्यांनी हवं तर निषेध नोंदवावा.

शेवटी घोळ ‘शिकवायला’ पाणीच. बाहुलीच्या अंगावर आधी क्लिंग फिल्म, मग साडी नेसवून पाण्याचा बारीक फवारा, वरून सुती बँडेज सैल गुंडाळून पूर्ण वाळेपर्यंत ठेवायचं. क्लिंग फिल्म विसरू नका. गडद लाल, हिरवा, जांभळा रंग ओल्या कापडातून व्हायनलमध्ये (बाहुलीच्या मऊ प्लॅस्टिकमध्ये) उतरतो आणि पृष्ठभागावर राहत नाही, आत मुरतो. नेसवण्याआधी ओल्या कापडाचा तुकडा भंगारातल्या व्हायनल पायाला गुंडाळून झिपच्या पिशवीत ऊबदार जागी ठेवून पाहावा. ‘रंग पक्का आहे’ या दुकानदारांच्या शब्दाला आपल्या छंदात शून्य किंमत.

काठाबद्दल दोन शब्द. आठ मिलिमीटरची तयार जरीची लेस दिसते छान, पण साडीच्या कडेला कुंपण घातल्यासारखी उभी राहते. मुंबईत भुलेश्वरच्या किंवा पुण्यात रविवार पेठेतल्या लेसवाल्यांकडे जाल तेव्हा लेस बोटावर टांगून पाहा, टोक खाली पडलं नाही तर पुढचं दुकान. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जर कसली आहे ते विचारा. खऱ्या जरीत चांदी असते. ‘टेस्टेड’ म्हणतात तिच्या पोटात तांबं असतं, वरून मुलामा. तांब्याने मऊ व्हायनल हिरवं पडतं हे साठच्या दशकातल्या बार्बीचे हिरवे कान ज्यांनी साफ केलेत त्यांना सांगायला नको. तिथे कानातल्याच्या पिनेने जे केलं तेच इथे काठ करेल, फक्त कंबरेभर. जर नखाने खरवडून खाली लालसर धातू दिसला तर ती बाहुलीच्या अंगाला लागता कामा नये. एरवी नाक मुरडावं अशी प्लॅस्टिक जर या कामाला उत्तम. हलकी, लवचीक, आणि तांब्याचा प्रश्नच नाही.

ब्लाऊजवर फार वेळ घालवला नाही. खणाचं कापड घ्यायचा मोह सगळ्यांना होतो, पण कर्नाटकातल्या गुळेदगुडच्या खणाचा एक सेंटीमीटरचा ठिपका या मापात सहा सेंटीमीटरचा होतो आणि बाही सोफ्याचं कव्हर दिसते. साधं मऊ रेशीम घ्या, ६० नंबरची सुई, १.२ मिलिमीटरचा टाका, ३ मिलिमीटरची शिलाई, मागे दोन बारीक प्रेस बटणं. वेल्क्रो नको. ते केसांत अडकतं आणि मलमलीचे धागे उपसतं. १९५९ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले बार्बीचे कपडे आजही मोठी माणसं शोधत हिंडतात, ते अशा कारणांसाठीच. बार्बीची पहिली ड्रेस डिझायनर शार्लट जॉन्सन, तिच्या देखरेखीखाली जपानमध्ये शिवलेल्या त्या कपड्यांना अस्तर, इवल्याशा चेन, खऱ्या शिलाया होत्या. उलटे करून बघावेत असे कपडे. लहान मूल बाहुलीचा चेहरा बघतं, आपण आधी शिवण बघतो. २०२४ ची फॅशन डिझायनर अनिता डोंगरेंची दिवाळी बार्बी देखणी आहे, पण तिला लेहेंगा आहे, आणि लेहेंग्याला कडक कापड चालतं, उलट मदतच होते. काष्ट्याला कसलीच सवलत नाही. म्हणून तर हात शिवशिवतात.

तर पदर. खांद्यावरून खाली येताना तो पाठीला चिकटत नाही, दोन बोटं लांब तरंगतो. मण्यांचं वजन लावून झालं, १५/० मापाचे बारीक काचमणी टोकाच्या दुमडीत. पदर सरळ झाला, पण दोरीसारखा. पडद्यासारखी घडी हवी, ती गेली. कडेत तार घालायची सूचना तुमच्यापैकी एकाने केली, ती चांगली आहे. तांब्याची नको, कारण वर आलंच, ०.२ मिलिमीटरची स्टेनलेस घ्या. पोज हवी तशी मिळते, पण फोटो जवळून काढला की कड अनैसर्गिक गुळगुळीत दिसते. शिवाय तार असलेला पदर सोडून घडी घालता येत नाही.

मूळ गुन्हेगार पदरावर लावलेलं जरीकाम आहे, कापडावर आणखी एक थर. आणि हे लिहिता लिहिता सुचतंय: लावायचंच कशाला? पैठणीच्या पदरात नक्षी वर बसवलेली नसते, बाण्यातच विणलेली असते. रंगीत बाणे एकमेकांत अडकवून, म्हणून उलटसुलट दोन्ही बाजू सारख्या दिसतात. ताणे काढायचा हात आता बसलाच आहे. पदराच्या शेवटच्या ८ सेंटीमीटरमधले बाणे टप्प्याटप्प्याने काढून त्यांच्या जागी रफू घालतात तशी एकेरी चपटी प्लॅस्टिक जर भरली तर जाडी वाढणारच नाही. नक्षी मोराची नाही जमणार, दर सेंटीमीटरला तीसएक धागे म्हणजे मोराचा ठोकळा होईल. पण आडवे पट्टे आणि छोटे चौकट-फूल नक्की बसेल. एकदम सगळे बाणे काढायचे नाहीत, पाच काढायचे, पाच भरायचे, नाहीतर ताणे लोंबत राहतील आणि कोणता कुठला ते कळणार नाही. जरीला पीळ पडू नये म्हणून सुईचं नेढं लांबट हवं.

त्यामुळे आधी जाहीर केलेलं वेळापत्रक रद्द. नथ आणि अंबाडा मागे गेले. अंबाड्याचे केस सारानचे (एका प्लॅस्टिक धाग्याचे) आहेत, गरम पाण्याला घाबरत नाहीत, ते थांबू शकतात. नथ म्हणजे ४ मिलिमीटरचं काम, नाक टोचायचं नाही, मेणाच्या ठिपक्यावर बसवायची.

कोणाकडे टायलर वेंटवर्थ किंवा तशी सोळा इंची बाहुली धूळ खात असेल तर कळवा, विकत नको, उसनी चालेल. ती साधारण १:४ ची, म्हणजे २१६ ऐवजी ६४ पटींचाच प्रश्न, आणि साडी २०६ बाय २९. तिच्यावर हीच मलमल काहीही न उपसता नेसवून पाहायची आहे. तिथेही मांड्या फाकल्या तर दोष झुळझुळीचा नाही, कडक प्लॅस्टिकचाच, आणि मग तारकशीचा पट्टा ५ ऐवजी ३ सेंटीमीटरवर आणता येतो का ते बघता येईल. पदरासाठी चपटी प्लॅस्टिक जर कोणत्या रुंदीची मिळते ते ज्यांनी अलीकडे घेतली असेल त्यांनी लिहा. पाव मिलिमीटरच्या वरची नको.