पंप कोणबी देतंय

खानापूर तालुक्यातल्या एका गावात आज हातपंपाची दुरुस्ती बघत थांबलो होतो. मिस्त्रीमामांनी पाइप एकेक करून वर ओढले, सिलिंडर उघडला आणि झिजून पापुद्रा झालेला चामड्याचा वायसर माझ्या तळहातावर ठेवला.

"पंप कोणबी देतंय ओ. हे कोण देणार?"

तेव्हापासून आफ्रिकेतला प्ले-पंप डोक्यातून जात नाहीये. पोरांनी गोल चक्रावर खेळायचं, पाणी आपोआप टाकीत चढणार. कुणालाही भुरळ पडावी अशी कल्पना. २००६ मध्ये अमेरिकेने त्यासाठी एक कोटी डॉलर जाहीर केले. काही गावांत तर चालू हातपंप काढून ही चक्रं बसवली! पोरं कंटाळली की बायकाच ती ढकलत बसायच्या. बिघडलं तर सुटा भाग मिळायची मारामार.

आणि आपला इंडिया मार्क टू हातपंप? त्यालाही युनिसेफची मदत होतीच की. पण त्याचं मूळ 'सोलापूर पंप' नावाच्या आधीच्या हातपंपात, घडला भारतातल्या कारखान्यात, आणि गावोगावचे मिस्त्री तो खोलायला शिकले. (फोटोत काही शोभत नाही म्हणा.) वायसरसाठी सगळे पाइप उपसावे लागतात, ही त्याची खोट पुढे मार्क थ्रीमध्ये काढली. आफ्रिकेतल्या कितीतरी गावांत आज हेच पंप आहेत.

मदतीच्या अहवालात 'किती पंप बसवले' हा रकाना हमखास असतो. पाच वर्षांनी त्यातले किती चालू आहेत ते मोजूनच पुढचा हप्ता सोडला तर?