गाडी जुनी आहे, शहरात शिरू देतील का?

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "भाऊ, तुमच्या जावयाची ती वीस वर्षं जुनी गाडी युरोपातल्या शहरांत जाऊ देतात का? की दंडातच दिवाळं निघतं?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालाय, सकाळी फुटाळा तलावावर फिरताना विचारून झालाय, आणि दर वेळी मी दोन वाक्यांत उरकलंय. पण आता तुमचा मुलगा जर्मनीत तशीच एक मोटरहोम घेतोय, म्हणून या वेळी बैजवार लिहितो.

आधी गाडी सांगतो. फियाट डुकाटो, २.८ लिटरचं डिझेल इंजिन, २००३ ची नोंदणी. आत झोपायची सोय, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. मुलगी आणि जावई दक्षिण जर्मनीतल्या एका लहान गावात राहतात. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही चौघं तीन आठवडे त्या गाडीत राहिलो. माझं सगळं आयुष्य नागपूरजवळच्या वाडीला ट्रकांचे डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करण्यात गेलं, त्यामुळे पहिल्याच सकाळी मी जावयाला गाडी चालू करायला लावली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी माझा पांढरा रुमाल धरला. अर्धा मिनिट रेस दिली. रुमालावर फिकट करड्या रंगाचं एक वर्तुळ उमटलं, बोटाला लागेल न लागेल इतपत. आपल्याकडच्या त्या काळच्या डिझेल गाडीपुढे धरला असता तर रुमाल टाकूनच द्यावा लागला असता. कारण एवढंच, की आधीच्या मालकाने काजळी अडवणारा फिल्टर मागाहून बसवून घेतला होता. पुढचं सगळं रामायण या फिल्टरवरून आहे.

आपल्याकडे जुनी म्हटलं की पहिला प्रश्न, किती वर्षांची? १५ वर्षं झाली की आरटीओत पुन्हा पासिंग, वर ग्रीन टॅक्स. दिल्लीने तर डिझेलला १० वर्षांची रेघ मारली. तिकडे सहसा वय विचारत नाहीत, इंजिन कोणत्या युरो वर्गातलं आहे ते विचारतात, म्हणजे धुराच्या कोणत्या मर्यादेत बसतं ते. आकडा जितका मोठा तितकी मर्यादा कडक. आपलं बीएस, म्हणजे भारत स्टेज, त्याच धर्तीवर आहे. कारसाठी युरो ३ मध्ये डिझेलला किलोमीटरमागे ०.०५ ग्रॅम काजळी चालायची, युरो ५ मध्ये ती ०.००५ वर आणली. दहा पट कमी. जावयाची गाडी युरो ३.

जर्मनीत २००८ पासून बर्लिन, कोलोन अशा शहरांनी स्वच्छ हवेचे पट्टे आखले, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना मनाई असलेले भाग. आत जायचं तर समोरच्या काचेवर गोल बिल्ला लागतो: लाल २, पिवळा ३, हिरवा ४. आता जवळपास सगळीकडे फक्त हिरवा चालतो, आणि बिल्ला नसेल तर १०० युरो दंड. युरो ३ डिझेलला एरवी पिवळा मिळतो, पण फिल्टर बसवून त्याची कागदावर नोंद झाली असेल तर हिरवा. बिल्ल्यावर गाडीचा नंबर हाताने लिहितात, त्यामुळे नंबर बदलला की बिल्लाही नवा घ्यायचा. आमच्या काचेवर उजव्या कोपऱ्यात हिरवा ४ होता आणि जावई त्याच्यावर भारी खूश होता. तरी श्टुटगार्टमध्ये तो चालला नसता. तिथे २०१९ पासून युरो ४ आणि त्याखालच्या डिझेलला बंदी आहे, बिल्ला हिरवा असला तरी. कारण तिथलं दुखणं काजळीचं नाही, नायट्रोजनच्या ऑक्साइडचं आहे, आणि ते काजळीच्या फिल्टरने अडत नाहीत.

ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समध्ये गेलात की हिशेबच उलटा. तिथला बिल्ला क्रित-एअर नावाचा. शून्य ते पाच, आणि आकडा जितका मोठा तितकी गाडी मळकी. तो युरो वर्गावर देतात, मागाहून बसवलेल्या फिल्टरला त्यात किंमत नाही. आमच्या गाडीला मिळाला ४, तपकिरी. एकाच काचेवर दोन चौके: जर्मनीचा हिरवा चार म्हणजे सगळ्यांत चांगली, फ्रान्सचा तपकिरी चार म्हणजे शेवटून दुसरी. मी त्या दोन बिल्ल्यांचा फोटो काढून ठेवलाय, भेटलात की दाखवतो. फ्रान्सचा बिल्ला सरकारी साइटवरच मागवा, टपालखर्चासकट पाच युरोच्या आत येतो. तोच कितीतरी पट पैशांत विकणाऱ्या साइट आहेत, त्यांच्या नादी लागू नका. आणि तो पोस्टाने येतो, तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यात जागे होऊ नका.

पॅरिसमध्ये तेव्हा चार नंबरच्या गाड्यांना ए-८६ या वळणरस्त्याच्या आत सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते रात्री ८ मनाई होती, दंड ६८ युरो. जावई म्हणाला, "बाबा, रविवारी जाऊ, नियमात बसतं." बसत होतं, खरंच. पण मलाच ते पटलं नाही. गाडी व्हर्सायला कॅम्पिंगच्या जागी ठेवली आणि आर.ई.आर. सी या लोकलने पॅरिसला गेलो. स्ट्रासबुर्गला तर त्याहून सोपं. गाडी जर्मन काठावर केल गावात लावली आणि डी नंबरची ट्राम धरली. ती ऱ्हाइनच्या पुलावरून थेट दुसऱ्या देशात नेऊन सोडते. आमच्या मंडळींनी खिडकीतून पूल बघितला आणि म्हणाल्या, सीताबर्डीहून मेट्रो धरल्यासारखंच आहे की.

एक चूक झाली, तीही सांगतो. बेल्जियममधल्या एका शहरात बिल्ला नसतो, कॅमेरे नंबर वाचतात. परदेशी नंबरच्या गाडीने साइटवर आधी नोंद करायची असते. आम्ही फाटकाची, पोलिसाची, पाटीवरच्या कुणा माणसाची वाट बघत राहिलो आणि आरामात आत जाऊन बाहेर आलो. घरी परतल्यावर महिनाभराने पत्र आलं. पैसे भरले. मुलगी चिडली होती, पण नियम पाटीवर लिहिलेला होता आणि आम्हीच वाचला नव्हता.

लंडनला आम्ही गाडी नेली नाही, पण तुमचा मुलगा नेईल म्हणतो, तर हे लक्षात ठेवा: २९ ऑगस्ट २०२३ पासून शहराचे सगळे भाग तिथल्या स्वच्छ हवेच्या पट्ट्यात आहेत. साडेतीन टनांपर्यंतची, युरो ६ च्या खालची डिझेल गाडी असेल तर रोजचे साडेबारा पौंड. दिवस मोजतात मध्यरात्र ते मध्यरात्र, म्हणजे रात्री अकराला शिरून एक वाजता बाहेर पडलात तर दोन दिवसांचे. साडेतीन टनांवरच्या मोटरहोमला रोजचे १०० पौंड, काहींना ३०० सुद्धा. गाडी घेताना वजनाचा आकडा म्हणूनच बघायचा.

हे सगळं ऐकून बरेच जण म्हणतात, गरिबाच्या जुन्या गाडीला छळायचे धंदे आहेत हे. या वाक्यावर मला गप्प राहवत नाही. तीस वर्षं माझ्याकडे ट्रकवाले यायचे आणि म्हणायचे, "भाऊ, चढावर गाडी ओढत नाही, डिझेल वाढवून द्या." मी पंपाचा स्क्रू फिरवून द्यायचो. इंजिनात जेवढी हवा येते तिच्या मानाने डिझेल जास्त पडलं की ते पुरतं जळत नाही, उरलेलं काजळी होऊन बाहेर पडतं. गाडी ओढायची, ड्रायव्हर खूश व्हायचा, पोराच्या हातात चहाचे पैसे ठेवून जायचा. आणि अमरावती रोडवर काळा लोट सोडत ट्रक निघायचा. समोरचा चहावाला ट्रक चालू झाला की दुधाच्या पातेल्यावर फडकं टाकायचा. सकाळी पांढरं असलेलं ते फडकं संध्याकाळी कसं दिसायचं, ते मी रोज पाहिलंय. तो माणूस दिवसाचे चौदा तास तिथेच उभा असायचा आणि त्याच्या छातीवर फडकं टाकायची सोय नव्हती. मी त्याला कधी काही विचारलं नाही. त्या शहरांच्या वेशीवर गाडी लावताना मला दर वेळी तो आठवला, आणि ट्रामच्या तिकिटाचे पैसे मी जावयाला देऊ दिले नाहीत.

तर तुमच्या मुलाला सांगा, जुनी गाडी घ्यायला हरकत नाही. डोंगर, नदीकाठ, खेडी यांना कुठलाच बिल्ला लागत नाही, आणि गाडीत राहण्याची खरी मजा तिथेच आहे. मोठ्या शहरासाठी वेशीबाहेरची जागा आणि तिथून सुटणारी लोकल आधी शोधायची, मग मुक्काम ठरवायचा. विकणारा "फिल्टर आहे" म्हणाला तर त्यावर जाऊ नका, नोंदणीचा कागद मागा. त्यात १४.१ असा एक रकाना असतो, त्यातल्या आकड्याच्या शेवटच्या दोन अंकांवरून बिल्ला ठरतो. फिल्टरची नोंदही त्याच कागदावर शोधायची. बयाणा देण्याआधी मला त्या कागदाचा फोटो पाठवा, पण रकाना स्पष्ट वाचता येईल असा काढा. मागच्या वेळी एकांनी पाठवला होता त्यात नेमका तिथेच अंगठा आला होता.