एनए (बिगरशेती) ऑर्डर, पण हवाईतली

आज अर्धा दिवस सुट्टी टाकून शेजारच्या आंटींसोबत जमिनीच्या परवानगीच्या सुनावणीला गेलो (इथे अमेरिकेतल्या हवाई बेटांवर वयाने मोठ्या कुठल्याही बाईला आंटीच म्हणतात, आपल्या मावशीसारखं). त्यांना स्वतःच्या शेतजमिनीवर हुला (इथला पारंपरिक नाच), हवाईयन भाषा आणि कालोची लागवड शिकवायचं केंद्र काढायचंय. कालो म्हणजे आपला अळूच हो, फक्त हे लोक कंद जास्त खातात, उकडून कुटून पोई करतात, आणि इथल्या पुराणात पहिला कालो हा माणसाचा थोरला भाऊ, हालोआ! म्हणजे शेती हीच संस्कृती, पण कागदावर शेती वेगळी नि शिकवणं वेगळं, वर्ग आणि पार्किंग आलं की स्पेशल परमिट लागतं. १९६१ च्या कायद्यापासून राज्यातली सगळी जमीन वाटून ठेवलीय, शहरी, ग्रामीण, शेती, संवर्धन. १५ एकरपर्यंत काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) प्लॅनिंग कमिशन ठरवतं, त्यावर गेलं की राज्याच्या लँड यूज कमिशनचीपण मंजुरी. मला आपली तलाठी ऑफिसातली फाईल आठवली, सातबारा तेवढा नव्हता.

बोलायला ३ मिनिटं. आंटींनी आधी आपल्या पूर्वजांची, डोंगराची, ओढ्याची नावं घेतली, त्यातच वेळ संपला 😅 नखात चिखल तसाच. समोरून प्रश्न काय, तर गाड्या किती येणार!

निकाल नाहीच, पुढची तारीख.

येताना पिशवीभर पानं दिली, म्हणाल्या तासभर शिजव नाहीतर घसा खाजेल. म्हणलं आंटी, आम्ही चिंच घालतो.